जाळी

क्रॅडली हीथ. कालव्याकाठची पत्र्याची शेड.
एकेकाळी इथे बोटींचे साखळदंड घडत.
आता आम्ही दोघं: लोखंडी गेटं, ट्रेलरचे दांडे,
एकदा तर कुणाच्यातरी आजीची व्हीलचेअर.

मशीन लाल, सेकंडहँड, एक चाक तिरकं.
नॉर्मन टिल्सलीने त्याला नाव ठेवलेलं नाही.
हत्याराला नाव दिलं, की शिवी घालवत नाही म्हणतो.

मंगळवारपासून वेल्डला जाळी पडतेय.
अनारसा असता तर आईने पाठ थोपटली असती.
पण हा घोड्याच्या ट्रेलरचा तळ आहे,
शनिवारी ह्यावर चार पाय उभे राहणार.

मी खालून सुरुवात केली.
अर्थचा चिमटा काढला, तर खाली जुना हिरवा रंग.
ग्राइंडरने खरवडून लोखंड उघडं केलं.
टिप बदलली. पॉइंट आठचं भोक
झिजून लांबट झालेलं.
रोलरचा दाब सैल केला,
परवा मीच आवळून ठेवला होता
आणि आत तारेच्या शेवया झाल्या होत्या.
आता लाकडाच्या ठोकळ्यावर टेकवली की तार मुकाट वाकते.
लायनर काढून हवा मारली.
इतकी काळी पूड निघाली
की मिश्री लावून बसलेली आत्या आठवली.

पुन्हा चाप ओढला.
आवाज तर बरोबर.
नॉर्मन म्हणतो, बेकन तळल्यासारखा हवा.
मी बेकन खात नाही,
माझ्या कानात कढईत अळूवडी सोडलेली असते,
सलग, न चिडता.
मोहरीसारखी तडतडली की समजायचं, तार घाईत आहे.
ती घाईत नव्हती.
हेल्मेट वर केलं.
जाळी.

बाटलीत गॅस होता. काटा बारा लिटरवर.
नळीला साबणाचं पाणी लावून पाहिलं,
एक बुडबुडा नाही.
मग चिंधीतला एक दोरा ओढला
आणि नुसताच नॉझलपुढे धरला.

दोरा आडवा झाला.

शेडचं मोठं दार, हातभर उघडं.
मंगळवारीच वारा पूर्वेकडून यायला लागला होता.
गॅस बिचारा पांघरूण घालतोय
आणि वारा ओढून काढतोय.

दाराशी उलट्या क्रेटवर नॉर्मन,
एक हात चौकटीवर.
चाळीस वर्षं गॅल्वनाइज्ड पत्रे जोडले त्याने, नाकावर काही न बांधता.
संध्याकाळी थंडी वाजून ताप भरायचा,
तेव्हा सगळे सांगायचे, दूध पी, उतरेल.
तो प्यायचा. उतरायचा.
आता वाक्याच्या मध्येच थांबतो,
जिन्यावर थांबावं तसा.

त्याने दोरा पाहिला असावा.
"दार लावू का, बॅब?"
इकडे सगळ्यांना म्हणतात, तसं म्हणाला.
उठायलाही लागला.

बस, मी म्हटलं. वारा काय, वळवता येतो.

मागच्या खोपट्यात बंद पडलेल्या पबचा बोर्ड होता,
अर्धा हंस, अर्धी वाळवी.
ओढत आणला, दोन घोड्यांना टेकवून
दार आणि माझ्यामध्ये उभा केला.
गॅस चौदावर. जास्त नाही,
जास्त सोडला की तो स्वतःच घुसळून हवा आत घेतो.
नॉझल आणखी जवळ. टोकाबाहेर तार नखाएवढी.

अळूवडी.

नॉर्मनने हातोडीने दोनदा ठोकून पाहिलं,
मग कानशीने एक कोपरा खाल्ला, आत डोकावला.
"घोडा उभा राहील," म्हणाला,
आणि क्रेटवर परत गेला.

मशीनच्या झाकणाच्या आतल्या बाजूला
आम्ही तारेचे नि व्होल्टचे आकडे लिहितो.
त्यांच्याखाली मी मार्करने लिहिलं, मराठीत, माझ्यापुरतं:

वारा पूर्वेचा असेल तर चौदा लिटर.
हंस उभा करणे.
दार लावायचं नाही.